टाकीच्या तळातला गाळ: मॅनहोल उघडण्याआधीच तेल काढून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४० मीटर व्यासाची, तरत्या छताची (तेलावर तरंगत पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या छताची) क्रूडची, म्हणजे कच्च्या खनिज तेलाची, टाकी. दहा-अकरा वर्षांत उघडलेली नाही, आता आतून तपासणीसाठी रिकामी करायची आहे. तळाला सरासरी अर्धा मीटर गाळ असावा असा अंदाज. एक ठेकेदार म्हणतो, "साफसफाई फुकट करून देतो, गाळ आमचा." दुसरा चांगले पैसे मागतो, पण तेल काढून परत देईन म्हणतो. वरिष्ठांना पहिला पसंत आहे. विचारणाऱ्याची शंका अशी की या गाळाला खरंच काही किंमत आहे का, आणि असेल तर ती पदरात कशी पाडून घ्यायची.

शंका रास्त आहे. फुकट करून देणारा आवळा देऊन कोहळा काढतोय, एवढं नक्की. पण कोहळा केवढा आहे हे आधी पाहू, म्हणजे वरिष्ठांपुढे कागद ठेवता येईल.

४० मीटर व्यास म्हणजे तळाचं क्षेत्रफळ सुमारे १,२५६ चौरस मीटर. अर्धा मीटर गाळ धरला तर ६२८ घनमीटर. क्रूडच्या टाकीतल्या गाळात तेलाचं प्रमाण बरंच असतं. ढोबळ हिशेबाला ६० टक्के तेल, २५ टक्के पाणी आणि १५ टक्के घन पदार्थ धरू. म्हणजे तेल ३७७ घनमीटर. त्यातलं ८५ टक्के हाती लागलं तर ३२० घनमीटर, म्हणजे २,००० बॅरलच्या थोडं वर. बाजारभावात घट धरून बॅरलला ५,००० रुपये पकडले तरी एक कोटी होतात. ही टक्केवारी आणि भाव मी हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या टाकीचे आकडे वेगळे निघतील. पण गाळ अर्ध्या मीटरऐवजी ३० सेंटिमीटर निघाला तर हीच रक्कम ६० लाखांवर येते, आणि तेल ६० ऐवजी ३५ टक्के निघालं तरीही साधारण तेवढ्यावरच येते. थोडक्यात, दोन गोष्टी मोजल्याशिवाय कोणत्याही ठेकेदाराशी बोलण्यात अर्थ नाही: गाळ किती आहे आणि त्यात काय आहे. फुकटवाल्याने बहुधा त्या कधीच्या अंदाजल्या आहेत.

गाळाची खोली मोजायची म्हणजे डिप हॅचमधून, म्हणजे वरच्या मोजमापाच्या तोंडातून, टेप सोडायची आणि रेफरन्स हाइटमधून (त्या तोंडापासून तळापर्यंतच्या ठरलेल्या उंचीतून) वजा करायची, एवढंच बहुतेक ठिकाणी होतं. ते पुरेसं नाही. डिप पाइप टाकीच्या एका कडेला असतो आणि तिथली खोली पूर्ण तळाची कहाणी सांगत नाही. मिक्सरच्या समोरचा भाग स्वच्छ असतो आणि त्याच्या पाठीमागे, कोपऱ्यासारख्या मृत जागेत, मीटरभर ढीग असतो. तरत्या छताच्या टाकीत एक सोय आहे: छताचे पाय ज्या नळ्यांमधून जातात त्या नळ्यांमधून एकेक पाय काढून डिप, म्हणजे खोलीचं माप, घेता येतो. त्यावेळी वाफ थेट तोंडावर येते, म्हणून श्वसनाची साधनं आणि परमिट आलंच. दोन वेगळी वजनं वापरा. एक चपट्या तळाचं, ते मऊ गाळाच्या वरच्या थरावर टेकतं. दुसरी टोकदार सळई, ती मऊ थर भेदून कडक थरावर थांबते. दोन्हींतला फरक म्हणजे पंपाने हलवता येईल असा गाळ. सळईच्या खाली राहिलेला तो फावड्याचा. वीस-पंचवीस जागांची मापं घेऊन ती टाकीच्या नकाशावर मांडली की डोंगर-दऱ्या दिसतात. हाच नकाशा पुढे सर्क्युलेशनचा नोझल कुठे लावायचा ते सांगतो, आणि ठेकेदाराच्या बिलाशी भांडायलाही उपयोगी पडतो.

आता त्यात काय आहे. क्रूडचा गाळ सगळा एकाच जातीचा नसतो, आणि चुकीच्या जातीला चुकीचं औषध दिलं तर काम बिघडतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टाक्यांत प्रामुख्याने दोन जाती भेटतात.

पहिली मेणाची. मुंबई हायचं क्रूड हलकं आणि कमी गंधकाचं आहे, पण मेणकट आहे; त्याचा पोर पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाखाली ते वाहायचं थांबतं तो, तिशी अंशांच्या आसपास असतो. हिवाळ्यातल्या पहाटे टाकीचा पत्रा गार पडला की तळाशी आणि कडेला मेणाचे स्फटिक बसू लागतात, अगदी थंडीत बरणीतलं तूप थिजतं तसे. हा गाळ पिवळसर-तपकिरी, चिकट आणि बोटांत चोळला की ऊबेने मऊ पडणारा. याच्यावर उष्णता हे खरं औषध.

दुसरी जात क्रूडमधल्या जड, डांबरी भागाची, म्हणजे अ‍ॅस्फाल्टीनची. आखाती जड क्रूड, किंवा दोन न जमणारी क्रूडं एकाच टाकीत आली की अ‍ॅस्फाल्टीन बाहेर पडून बसतं. हा गाळ काळा, डांबरी, आणि गरम केला तरी पुरता विरघळत नाही. इथे लोक हमखास एक चूक करतात: पातळ करायला नाफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) ओततात. नाफ्थ्यासारखं हलकं पॅराफिनिक द्रव अ‍ॅस्फाल्टीनला विरघळवत नाही, उलट आणखी खाली पाडतं. प्रयोगशाळेत अ‍ॅस्फाल्टीन मोजण्याची पद्धतच मुळी हेप्टेन घालून ते पाडण्याची आहे! अशा गाळाला अरोमॅटिक पातळक लागतं. रिफायनरीत एफसीसी (जड तेल तोडणाऱ्या) युनिटचं लाइट सायकल ऑइल उत्तम. टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या साठवणुकीच्या ठिकाणी, ते नसतं, तिथे जमणारं ताजं क्रूड वापरणं जास्त शहाणपणाचं. जमतं की नाही ते आधी बाटलीत पाहायचं.

या दोन्हींत पाणी आणि घन पदार्थ मिसळलेले असतात: गंज, वाळू, चिकणमाती, लोहाचं सल्फाइड. पाण्याचे थेंब तेलात इतके बारीक आणि या कणांनी इतके वेढलेले असतात की नुसतं ठेवून दिल्याने ते एकमेकांत मिसळून खाली बसत नाहीत. थेंब खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. व्यास निम्मा केला की वेग चौथाईवर येतो. म्हणून गाळ उचलायला वेगाने फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप लावणं आणि अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून दाबाने ढकलणं म्हणजे आपल्याच हाताने इमल्शन (तेल-पाण्याचं न सुटणारं मिश्रण) घट्ट करणं. स्क्रू किंवा प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंप हळू चालतो, पण पुढची आठवडाभराची डोकेदुखी वाचवतो.

नमुना घेताना वरचा, मधला आणि तळाचा असे तीन थर वेगवेगळे घ्या, एकत्र करू नका. प्रयोगशाळेकडून पाणी (डीन-स्टार्क पद्धतीने), घन पदार्थ, राख, उष्मांक, मेण आणि अ‍ॅस्फाल्टीन एवढं मागा. पण मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो साध्या बाटली चाचणीवर, आणि ती तुम्ही स्वतः करू शकता.

१०० मिलिलिटरच्या पाच-सहा अंशांकित नळ्या घ्या. प्रत्येकीत सारखा गाळ आणि सारखं पातळक. पहिलीत काहीच नाही, बाकीच्यांत डिमल्सिफायरची, म्हणजे इमल्शन फोडणाऱ्या औषधाची, मात्रा चढत्या क्रमाने: २००, ५००, १,००० पीपीएम असं. नळ्या हलवून ६५-७० अंशांच्या गरम पाण्यात उभ्या करा. अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पाहा. किती पाणी सुटलं एवढंच बघून लोक थांबतात. त्याखेरीज दोन गोष्टी बघा. खालचं पाणी कसं आहे: चहासारखं पारदर्शक तपकिरी चालेल, दुधाळ किंवा काळं पाणी म्हणजे तेल पाण्यात अडकलंय आणि ते ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) छळणार. आणि तेल-पाण्याच्या मध्ये कसली साय आहे: पातळ रेघ असेल तर छान, बोटभर जाड, मळकट, जाळीदार थर असेल तर घन पदार्थ तिथे अडकलेत आणि नुसत्या औषधाने भागणार नाही, सेंट्रिफ्यूज लागेल. आणखी एक गंमत दिसेल: बऱ्याचदा ५०० ची नळी १,००० च्या नळीपेक्षा स्वच्छ असते. औषध जास्त झालं की तेच उलट्या जातीचं इमल्शन धरून ठेवतं. "साहेब, थोडं जास्त टाकू, बरं असतं" म्हणणाऱ्या विक्रेत्याला ही नळी दाखवायची.

एवढं हातात आल्यावर मुख्य मुद्द्यावर येऊ. गाळातलं तेल मिळवायचं ते टाकी बंद असताना, छत तरंगत असताना. मॅनहोल उघडून गाळ बादलीने, फावड्याने, व्हॅक्यूम टँकरने बाहेर आणला की त्यात चिंध्या, माती, पावसाचं पाणी, साबण सगळं मिसळतं. हलका भाग उडून जातो, आणि कायद्याच्या दृष्टीनेही तो धोकादायक कचरा होतो. त्यानंतर तेल काढता येत नाही असं नाही, पण प्रत्येक लिटर महाग पडतो. तेच तेल टाकीत असेपर्यंत तुमच्या स्टॉकमधला माल आहे.

छत तरंगत असतानाच का, याला सुरक्षेचंही कारण आहे. छत पायांवर टेकलं आणि खालचं द्रव आणखी उतरलं की व्हेंटमधून हवा आत शिरते आणि छताखाली वाफ-हवेचं पेटणारं मिश्रण तयार होतं. त्यात जेटने तेल फवारलं की स्थिर विद्युत निर्माण होते. ठिणगीला मग काडीपेटी लागत नाही. छत द्रवावर तरंगत असेल तर ही पोकळीच नसते. म्हणून बहुतांश काम द्रवाखाली, बुडालेल्या नोझलने आणि मिक्सरने उरकायचं. छत टेकल्यावर जेटिंग करावंच लागलं तर नायट्रोजनने ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवूनच, आणि सलग मोजमाप चालू ठेवूनच. जाता जाता: छताचे पाय मेंटेनन्सच्या उंचीवर पिन करायचे ते छत त्या उंचीच्या वर तरंगत असताना. टाकी उतरवून झाल्यावर हे आठवलं तर पुन्हा क्रूड भरावं लागतं, आणि एखादा पाय गाळाच्या ढिगावर टेकला तर छत तिरकं होतं. मघाचा नकाशा इथेही कामाला येतो.

पद्धत साधारण अशी. टाकीत मिक्सर पुरेसा बुडेल एवढं ताजं, हलकं, कोमट क्रूड घ्या. एका नोझलने ओढून बाहेरच्या हीट एक्स्चेंजरमधून फिरवून, ढिगाच्या दिशेने रोखलेल्या जेटने परत आत सोडा. साइड एंट्री मिक्सरचा कोन बदलता येत असेल तर तो दर काही तासांनी बदलत राहा. तळातली स्टीम कॉइल वापरायची असेल तर ती पूर्ण बुडलेली आहे याची खात्री झाल्याशिवाय स्टीम सोडू नका. तापमान किती? मेण वितळायला ५५ ते ६५ अंश बरे, पण क्रूड 'अ' वर्गातलं पेट्रोलियम आहे, त्याचा हलका भाग उकळू लागला तर छताच्या सीलमधून वाफ सुटेल. त्यामुळे कच्चं क्रूड त्या पातळीला नेण्याआधी त्याचा बाष्पदाब पाहा. बऱ्याचदा पन्नाशीच्या आतच थांबून, पातळक आणि वेळ वाढवणं चांगलं. चार-पाच दिवसांत मेणाच्या गाळाचा बराचसा भाग विरघळतो. रोज त्याच जागांवर डिप घ्या. दोन दिवस रीडिंग हललं नाही की ते सर्क्युलेशन थांबवायची वेळ झाली. पंप चालू ठेवून नुसतं डिझेल जाळण्यात काही हशील नाही.

विरघळलेला माल कुठे न्यायचा, हा विचार आधी हवा. मेण विरघळलेलं क्रूड गरम असताना वाहतं आणि पाइपलाइनमध्ये गार झालं की तिथे बसतं. टाकीतला गाळ लाइनमध्ये हलवला, एवढंच मग होतं. मिश्रणाचा पोर पॉइंट काढा आणि लाइनच्या सगळ्यात गार तापमानाशी ताडून बघा. पुढची रिफायनरी तो माल घेणार असेल तर तिला आधी सांगा. बारीक घन पदार्थ आणि इमल्शन एकदम आलं की डिसॉल्टरमधली (क्रूडमधलं मीठ काढणाऱ्या यंत्रातली) तेल-पाण्याची सीमारेषा हरवते, मग तिकडून येणारे फोन प्रेमाचे नसतात. थोडं थोडं, नेहमीच्या क्रूडमध्ये मिसळून, सलग दिलं तर कुणाला कळतही नाही. ज्या रिफायनरीत डिलेड कोकर (जड तेल तापवून त्याचा घन कोक करणारं युनिट) आहे तिथे उरलेला गाळ कोक ड्रम थंड करण्याच्या टप्प्यात आत सोडता येतो. तेल परत मिळतं आणि घन भाग कोकमध्ये जातो. अशी सोय असेल तर तिच्याइतकी स्वस्त वाट दुसरी नाही.

खाली जे उरतं त्यात घन पदार्थ जास्त असतात. इथे मोबाइल डिकँटर किंवा ट्रायकँटर, म्हणजे हलवता येणारं सेंट्रिफ्यूज, आणायचा. ट्रायकँटर तेल, पाणी आणि चोथा एकाच फेरीत तीन वाटांनी सोडतो. गाळ ७०-८० अंशांना गरम करून, डिमल्सिफायर देऊन, सारख्या वेगाने भरवला तर तो छान चालतो. फीड कमी-जास्त झालं की तेलाच्या वाटेने पाणी येतं. टाकीत माणूस न उतरवता रोबोट किंवा छतातून घातलेल्या फिरत्या नोझलांनी धुवून, बाहेर सेंट्रिफ्यूजला जोडलेल्या बंद यंत्रणाही आहेत. डेन्मार्कच्या ओरेको कंपनीची 'ब्लाबो' ही त्यातली जुनी आणि माहितीतली. मोठ्या टाक्यांना त्या परवडतात. तुमच्या एका टाकीसाठी आणण्याचा खर्च जड जाईल. त्याच टँक फार्ममधल्या तीन-चार टाक्या एका हंगामात घेतल्या तर गणित बदलतं.

गरम पाण्याने धुण्याचा मोह सगळ्यात शेवटी. पाणी स्वस्त वाटतं, पण टाकलेला प्रत्येक घनमीटर तेलकट होऊन तुमच्याच ईटीपीकडे येतो. आणि डिग्रीजर, साबण यांना गेटवरच अडवा. पत्रा चकचकीत करण्यासाठी ठेकेदाराची माणसं ते हमखास आणतात. तेल-पाणी वेगळं करणाऱ्या एपीआय सेपरेटरमध्ये त्यानंतर आठवडाभर तेल वर येत नाही.

मग येतं टाकीत उतरणं. यावर ओआयएसडीची (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची) मानकं आहेत, वर्क परमिटसाठी १०५ क्रमांकाचं आहे, कामगारांच्या सुरक्षेचा कायदा आहे, पेट्रोलियम नियम २००२ आहेत आणि पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या नागपूरच्या पेसोचा परवाना तुमच्या भिंतीवर टांगलेला असेलच. ते सगळं वाचा, मी फक्त तीन गोष्टी सांगतो. एक, सकाळी घेतलेलं गॅस रीडिंग गाळ हलवल्यावर कामाचं राहत नाही. फावडं मारलं की अडकलेली वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतं, म्हणून मोजणी सतत, माणसाच्या अंगावरच्या मीटरने. दोन, हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा आठ तासांसाठी १० पीपीएम आहे. १०० च्या आसपास नाकच काम करणं बंद करतं. वास येत नाही, म्हणजे गॅस गेला, असं समजणारा माणूस त्या दिवशी घरी जाईलच असं नाही. तीन, आंबट, म्हणजे जास्त गंधकाच्या, क्रूडच्या टाकीतला कोरडा, काळा पापुद्रा म्हणजे लोहाचं सल्फाइड, आणि ते हवेत वाळलं की आपोआप पेटतं. ते ओलंच ठेवायचं, ओलंच पिंपात भरायचं, आणि ते पिंप दुपारच्या उन्हात डाइकमध्ये (टाकीभोवतीच्या बांधाच्या आत) सोडून जेवायला जायचं नाही.

कायद्याची बाजू फुकटवाल्याच्या प्रस्तावाशी थेट जोडलेली आहे. धोकादायक व इतर कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पेट्रोलियमच्या साठवण टाक्या रिकाम्या करणं आणि साफ करणं ही स्वतंत्र नोंद आहे. त्यातून निघणारा गाळ धोकादायक कचरा ठरतो. तो निर्माण करणारे तुम्ही, त्यामुळे एमपीसीबीचं (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) ऑथोरायझेशन तुमच्या नावावर हवं आणि त्यात हे प्रमाण बसलं पाहिजे. नेहमी वर्षाला दोन टन दाखवणाऱ्या टर्मिनलला एकदम काहीशे टन काढायचे असतील तर आधी दुरुस्ती करून घ्या. आवारात साठवण साधारण ९० दिवसांपर्यंत. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर (वाहतुकीच्या नोंदपत्रावर), आणि घेणाराही त्याच प्रकारच्या कचऱ्यासाठी अधिकृत असला पाहिजे. याच नियमांत टाकीच्या तळाचा गाळ आणि स्लॉप ऑइल (गोळा झालेलं पाणीमिश्रित टाकाऊ तेल) 'वेस्ट ऑइल' या व्याख्येत येतात. पाचव्या अनुसूचीच्या 'ब' भागातल्या मर्यादांत बसलं तर, जसंच्या तसं किंवा प्रक्रिया करून, ते भट्टीचं इंधन म्हणून वापरता येतं.

तेव्हा फुकटवाल्याकडून एकच कागद मागा: ऑथोरायझेशन, त्यावरचा कचऱ्याचा प्रकार आणि वार्षिक क्षमता. पुष्कळदा बोलणी तिथेच संपतात. कागद निघालाच तर क्षमतेशी तुमचं प्रमाण ताडून बघा आणि त्याच्या आवारात जाऊन या. कारण विकण्याजोगं तेल तो विकेल, आणि न विकलं जाणारं काळं पाणी व चोथा कुठल्या तरी खाडीकाठी सापडला तर मॅनिफेस्टवर नाव तुमचंच असेल. नियमांत नुकसानीची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरही आहे. "आम्ही तर देऊन टाकला होता" हा बचाव चालत नाही.

चोथ्याचं काय करायचं? सेंट्रिफ्यूजनंतरही त्यात पाच-दहा टक्के तेल राहतंच. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत. पण तेलकट, जळू शकणारा चोथा भरावात घालणं हे पैशाचंही नुकसान आणि तिथल्या निकषांतही बसायला अवघड. उष्मांक बरा असेल तर चंद्रपूर-यवतमाळकडच्या सिमेंट भट्ट्यांत सहप्रक्रिया ही मला जास्त पटणारी वाट. भट्टीतल्या मालाचं तापमान १,४५० अंशांपर्यंत जातं, तेल जळतं आणि वाळू-गंज क्लिंकरमध्ये (सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांत) सामावतो. क्लोरीन आणि पाणी किती, हे ते आधी तपासतील. जिवाणूंनी तेल खाऊन टाकण्याच्या पद्धतीबद्दलही विचारणा होते; दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने विकसित केलेलं 'ऑइलझॅपर' आपल्याकडे चांगलं ओळखीचं आहे आणि ओएनजीसीसोबत त्यांची त्यासाठी कंपनीही आहे. तेलाने माखलेल्या मातीसाठी ते योग्य. पण त्यात तेल नाहीसं होतं, तुमच्या हाती येत नाही, महिने लागतात आणि जागा अडते. ६० टक्के तेलाच्या गाळावर जिवाणू सोडणं म्हणजे कोटभर रुपये त्यांच्या ताटात वाढणं.

दुसऱ्या, पैसे मागणाऱ्या ठेकेदारालाही डोळे झाकून काम देऊ नका. पैसे कशाच्या मापावर देता त्यावर त्याचं वागणं ठरतं. काढलेल्या गाळाच्या घनमीटरवर दर दिला तर तो पाणी ओततो आणि माप वाढवतो. एकरकमी दिलं तर तेल काढण्यात त्याला रस उरत नाही, टाकी पांढरी करून निघायची घाई असते. मला बरी वाटलेली रचना अशी: यंत्रं आणण्या-नेण्याचा ठरावीक खर्च, परत मिळालेल्या निव्वळ तेलावर बॅरलमागे वाटा (त्या तेलात पाणी आणि गाळ मिळून १ टक्क्याच्या आत, आणि माप तुमच्या स्लॉप टाकीत, तुमच्या डिपने), चोथ्यातलं तेल १० टक्क्यांवर गेलं तर टनामागे कपात, आणि ईटीपीला सोडलेल्या पाण्याच्या घनमीटरवर त्याच्याकडून आकार. या शेवटच्या अटीवर तो हटकून कुरकुरतो. ती सोडू नका, पाण्याचा नळ बंद ठेवणारी तीच एक अट आहे.

टर्मिनल दुसऱ्याचा माल साठवत असेल तर आणखी एक भानगड मिटवून घ्या: तळातलं तेल कुणाचं? करारात 'न उपसता येणारा साठा' कुणाच्या नावे लिहिलाय ते पाहा. दहा वर्षं त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. २,००० बॅरल वर आले की सगळे मालक जागे होतात. परत मिळालेलं तेल स्टॉक रजिस्टरला वाढ म्हणून कुठल्या शीर्षकाखाली दाखवायचं, हे लेखा विभागाशी काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा. बाँडेड, म्हणजे आयात शुल्क अजून न भरलेला, माल असेल तर कस्टम्सशीही.

डिझेल-पेट्रोलच्या टाक्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथे गाळ बोटभर असतो, बहुतेक पाणी, गंज आणि जिवाणूंची बुळबुळीत साय. त्यातून पैसे मिळवायच्या मागे लागू नका, नियमित पाणी काढत राहा. फर्नेस ऑइलची टाकी मात्र क्रूडसारखीच हाताळावी.

टाकी साफ होऊन, तळाची जाडी मोजून, पुन्हा भरली की मिक्सरकडे लक्ष द्या. पुष्कळ टाक्यांत मिक्सर असतो, पण कोन बदलायची यंत्रणा गंजून एकाच जागी अडकलेली असते, आणि मोटर फक्त तपासणीच्या दिवशी चालते. माल येत असताना आणि त्यानंतर काही तास मिक्सर चालवा, कोन आठवड्याला बदला, तळाचं पाणी साचू देऊ नका, आणि इतर टाक्यांचा उरलासुरला स्लॉप सोयीचा म्हणून या टाकीत रिकामा करू नका. वर्षातून एकदा पायांच्या नळ्यांतून त्याच जागांवर डिप घेऊन नकाशा अद्ययावत ठेवा. गाळ एखाद्या जागी २० सेंटिमीटरच्या पुढे सरकला की त्याच महिन्यात, छत तरंगत असताना, मऊ आहे तोवर, कोमट क्रूड फिरवून तो उचला. मेणाचा गाळ जितका जुना होतो तितका त्यातला हलका भाग निघून जातो आणि तो कडक होत जातो. पहिल्या वर्षी दोन दिवसांत विरघळणाऱ्याला दहाव्या वर्षी फावडंच लागतं.